परदेशातलं फिल्म स्कूल, पप्पांचं लूम शेड आणि पुढची वाट : सल्ला हवा

सूतगिरणी नाका

नमस्कार. मी इचलकरंजीची, वय २३. मास कम्युनिकेशन करून दोन वर्षं कोल्हापुरात एका स्टुडिओत लग्नाच्या फिल्म एडिट करते. स्वतःच्या फिल्म करायच्या आहेत, मुख्यतः माहितीपट. इंग्लंडमधल्या एका फिल्म स्कूलमध्ये एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय. फी, राहणं, विमान, व्हिसा धरून आकडा ३८ लाखांच्या घरात जातो. बँक तारण मागते, आणि तारण द्यावं असं आमच्याकडे एकच आहे, ते म्हणजे पप्पांचं लूम शेड. बारा माग आहेत, आम्ही खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे. पप्पा "जा" म्हणतात. पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत, कांडी बदलत राहतात.

माझे प्रश्न दोन. एवढं कर्ज काढून जावं का? आणि बाहेर शिकून आलेले लोक पुढे स्वतःची निर्मिती संस्था कशी उभी करतात? तिथल्या ओळखींमुळे होतं का हे सगळं? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. स्कूलला तीन आठवड्यांत कळवायचंय.

बूम ऑपरेटर

पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेची किंवा कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दिली आहेत का? तीन वर्षं शिकायला मिळतं आणि खर्च तुमच्या आकड्याच्या कितीतरी आत राहतो. जागा थोड्या असतात, पहिल्या प्रयत्नात होईलच असं नाही, पण एक वर्ष थांबून परीक्षा देणं ३८ लाखांपेक्षा स्वस्त आहे.

मी १४ वर्षं साउंड करतोय. सेटवर मला आजवर कुणी डिग्री विचारलेली नाही. मात्र शिकून आलेला दिग्दर्शक आणि न शिकलेला यांत एक फरक मला नेहमी जाणवतो. शिकलेला माणूस शॉट संपल्यावर लगेच कट म्हणत नाही, थोडा थांबतो. तेवढ्यासाठी शिकावं असं माझं प्रामाणिक मत आहे. कुठे शिकायचं, ते घरची ऐपत बघून ठरवा.

मिरज जंक्शन

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? मी मिरजेची, म्हणजे तुझ्या शेजारचीच. वय ३९. तू जे दोन प्रश्न विचारलेस त्या दोन्हींतून मी गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१३ ते २०१५ मी डॉकनोमॅड्स हा माहितीपट-दिग्दर्शनाचा एम.ए. केला. तीन देशांतल्या तीन संस्था मिळून तो चालवतात. पहिलं सत्र लिस्बनला, दुसरं बुडापेस्टला, तिसरं ब्रुसेल्सला. मला युरोपियन युनियनची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती होती, त्यामुळे फी भरावी लागली नाही आणि वर महिन्याला हजार युरो मिळायचे. आता ते चौदाशे झालेत. म्हणजे माझ्या शिक्षणासाठी घरचा एक पत्राही गहाण पडला नाही. हे आधीच सांगते, कारण माझा अनुभव तुझ्या ३८ लाखांवर जसाच्या तसा लागू होत नाही.

तिथे काय शिकले, तर एकच गोष्ट सांगते. लिस्बनला अगदी सुरुवातीला आम्हाला कुणा एका माणसाचं पोर्ट्रेट करायचं होतं. पोर्तुगीज मला येत नव्हती. मोरारिया भागात एक गोव्याच्या आजी भेटल्या. मूळच्या मडगावकडच्या, लग्नानंतर मोझांबिकला गेलेल्या आणि १९७५ला तो देश स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालला आलेल्या. हिशोब पोर्तुगीजमध्ये करायच्या, चिडायच्या कोकणीत. त्यांची कोकणी मला निम्मी कळायची, माझी मिरजेची मराठी त्यांना त्याहून कमी.

जवळच्या एका लॉजच्या चादरी त्या घरी इस्त्री करून द्यायच्या. मी रोज दुपारी कोपऱ्यात कॅमेरा लावून बसायचे. चादर झटकायची, पाण्याचा हबका मारायचा, इस्त्री फिरवायची, मग घडी. घडी घालताना समोरचं टोक धरायला कुणी नसायचं, म्हणून एक काठ हनुवटीखाली दाबून दोन्ही हात लांब करून त्या कोपरे जुळवायच्या. मी नऊ मिनिटांची फिल्म कापली. बोलणं ठेवलं, जुने फोटो ठेवले, इस्त्री थोडीशीच ठेवली. आमच्या मास्तरांनी फिल्म बघितली आणि सगळं रॉ फुटेज आवाज बंद करून परत लावायला सांगितलं. ४७ मिनिटं आम्ही सगळे गप्प बसून चादरी बघत होतो. चौथ्या चादरीला मला दिसलं. आजींनी चादर झटकली आणि एक टोक समोर धरलं, कुणीतरी घेईल अशा सवयीने. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि काठ हनुवटीखाली धरला. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले होते. फोटोंमध्ये मी ते सांगायला बघत होते, आणि तो हात मी कापून टाकला होता.

परदेशात काय मिळालं असं कुणी विचारलं की मला तो हात आठवतो. कॅमेरा, लेन्स, सॉफ्टवेअर सगळं इथेही मिळतं. पण चोवीस तास दुसरं काही न करता आपलंच फुटेज बघत बसायला दोन वर्षं मिळणं, आणि शेजारी वीस देशांतली मुलं तेच करत असणं, हे मला मिरजेत मिळालं नसतं. (बूम ऑपरेटर दादा म्हणतात तो थांबा हाच.)

बुडापेस्टचं आणि ब्रुसेल्सचं फार सांगत नाही. ब्रुसेल्सला निर्मिती, करार, हक्क यांवर तास असायचे. त्यांत माझं लक्ष नव्हतं. मी दिग्दर्शक होणार होते, करार दुसरं कुणीतरी बघेल असं वाटायचं. त्या दुर्लक्षाची किंमत नंतर पुरेपूर मोजली.

आता तुझा दुसरा प्रश्न.

युरोपियन युनियनचा नियम असा, की सिनेमाचा मुख्य दिग्दर्शक हा त्या कृतीचा कर्ता, किंवा कर्त्यांपैकी एक, मानलाच पाहिजे. दोन वर्षं त्याच हवेत राहिल्यामुळे फिल्म मी केली म्हणजे ती माझी, असं मी धरूनच चालले होते. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. २०१२ला कायद्यात दुरुस्ती झाली, त्याच्या मूळ विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता धरायची तरतूद होती. मंजूर होता होता ती गळली. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

२०१६चा एप्रिल तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत असशील. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि आमच्या मिरज स्टेशनवरून पाण्याची रेल्वे सुटायला लागली. पहिली गाडी १० वाघिणींची, पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटर. कृष्णेचं पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून चाललं होतं. माझ्या घरापासून स्टेशन पंधरा मिनिटांवर, आणि माझ्याकडे कॅमेरा नव्हता. एका निर्मिती संस्थेने कॅमेरा दिला, ६० हजार रुपये दिले आणि दोन पानी करार पुढे केला. सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे. मी तो स्कूटीच्या सीटवर ठेवून सही केला, कारण संध्याकाळची गाडी भरायला लागली होती.

१९ रात्री शूट केलं. वाघिणी भरायला एक कामगार होता, तो हातातल्या पान्याने वाघिणीच्या अंगावर ठोकत जायचा. रिकामी वाघीण घंटेसारखी वाजते. पाणी वर चढेल तसा तो नाद बसत जातो, आणि शेवटी भिंतीवर थाप मारल्यासारखा मुका होतो. तो ठोकायचा, कान द्यायचा, पुढे सरकायचा. मी बूम, म्हणजे लांब दांड्याचा माइक, धरून त्याच्या मागे मागे. एका वाघिणीपाशी तो मला म्हणाला, "मॅडम, ही अजून तहानलेली आहे." ५२ मिनिटांचा कट तयार झाला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे, आजही.

ते कुणी बघितलेलं नाही. त्या संस्थेच्या भागीदारांत बिनसलं, कंपनी बंद पडली, फिल्म त्यांच्या हार्ड डिस्कवर राहिली. एका युरोपियन महोत्सवाने कट बघायला मागितला, तेव्हा पाठवायचा अधिकारच माझ्याकडे नव्हता. भागीदार एकमेकांकडे बोट दाखवायचे. दीड वर्ष मी फोन करत होते.

म्हणून मी २०१८ला कंपनी काढली. पुढची फिल्म कुणाच्या नावावर राहील, या एकाच प्रश्नापायी. शिवाय परदेशी फंड असो की चॅनेल, बहुतेक वेळा करार नोंदणी असलेल्या संस्थेशीच करतात. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, केली. तिला किमान दोन भागीदार लागतात, दुसरी भागीदार माझी आई, निवृत्त शिक्षिका. कार्यालय म्हणजे घराची पुढची खोली, लाइट बिल आणि ना-हरकत पत्र जोडून. डिजिटल सहीसाठी मोबाइलसमोर बसून आपलं नाव सांगायचं असतं, त्यासाठी आईने इरकल नेसलं होतं.

कंपनी पोसतं कोण, तर तासगावचे बेदाणे, एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, हॉस्पिटलं, एखादी सामाजिक संस्था. पहिल्या वर्षी मी २३ बिलं केली, त्यांतलं एकही माझ्या स्वतःच्या फिल्मचं नव्हतं. काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे घ्यायचे, हे मला एका ग्राहकाने शिकवलं, १ लाख ४० हजार नऊ महिने लटकवून. पण बेदाण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांचे हात मी त्याच नजरेने शूट करते, जिने चादरी शूट केल्या. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

स्वतःची फिल्म पूर्ण व्हायला पाच वर्षं लागली. मिरजेत तंबोरे-सतारी बनवणाऱ्या एका कारखान्यावर. त्यातला माझा सगळ्यात आवडता शॉट असा होता : भोपळा कापून आत बघणारा कारागीर, आणि मागे रेडिओ. परदेशी चॅनेलने रेडिओवरच्या गाण्याच्या हक्काचा कागद मागितला. त्या गाण्याची फी माझ्या पूर्ण साउंड मिक्सिंगच्या खर्चाहून जास्त निघाली. शॉट काढावा लागला. तेव्हापासून कुठेही गेलं की आधी रेडिओ बंद करायला सांगते, मग कॅमेरा काढते.

ओळखींचं विचारलंस. ब्रुसेल्सच्या वर्गातली एक मैत्रीण या फिल्मची सहनिर्माती झाली, हे खरं. पण तिने कागद मागितले तेव्हा ते माझ्याकडे होते म्हणून झाली. कारागिराचं संमतीपत्र, संगीताचे हक्क, कॅमेरामनचा करार, सगळं कंपनीच्या नावाने. पाण्याच्या रेल्वेच्या वेळी हीच मैत्रीण होती, आणि तिला काहीही करता आलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट सांगते. लूम शेड गहाण ठेवू नकोस. एका वर्षात दोन-तीन छोट्या फिल्म होतात, घर लागेपर्यंत वर्ष संपतं, आणि माहितीपटाच्या कमाईवर तो हप्ता जाणार नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज कर, एफटीआयआयला बस. आणि दरम्यान तुझ्या घरात बारा माग आहेत, पप्पा कांडी बदलताना तुझ्याकडे बघत नाहीत असं तू लिहिलंयस. ते तुला दिसलं. ते शूट कर.

ताळेबंद

मी सीए आहे, सिनेमातलं कळत नाही, आकड्यांचं सांगतो. ३८ लाख साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला साधारण ४२ हजार बसतो. शिक्षण चालू असताना आणि नंतरच्या वर्षभरात हप्ता नसतो, पण व्याज लागत राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून वर जाईल. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळू शकतं. शिष्यवृत्ती मिळाली आणि वरखर्चाला एवढंच कर्ज लागलं, तर शेडला हात लावायची वेळच येणार नाही.

कंपनीबद्दल दोन-तीन गोष्टी. सुरुवातीलाच एलएलपी काढायची घाई नको. एकल मालकीवर बिलं करता येतात, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्या दिवशी करा, ती फुकट आहे. २००६च्या एमएसएमई कायद्यात छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा, मिरजच्या ताईंना नऊ महिने थांबावं लागलं तसं तुम्हाला लागणार नाही, निदान तक्रारीला जागा राहील.

आणि परदेशातून पैसे येणार असतील तर आधी सल्ला घ्या. अनुदान म्हणून आलेली रक्कम आणि सेवेचं किंवा हक्काचं बिल करून आलेली रक्कम, दोन्ही परदेशी चलनातच येतात, पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, दोन्हींकडे एकाच नजरेने बघत नाही. कराराचा मसुदा पक्का व्हायच्या आधी दाखवा. सही झाल्यावर आमच्याकडे येऊन उपयोग नसतो.

सूतगिरणी नाका

सगळ्यांचे आभार. काल रात्री पप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ४२ हजार ऐकल्यावर त्यांनी माग बंद केला. आमच्याकडे चालू पाळीत माग बंद होत नाही. मग म्हणाले, "तो चादरीचा भाग परत वाच."

ऑफर लेटर नीट वाचलं. अकराव्या पानावर आहे, की कोर्समध्ये केलेल्या फिल्मचे हक्क स्कूलकडे राहतील. हे मी आधी तीनदा वाचलेलं कागदपत्र आहे आणि ही ओळ मला दिसली नव्हती. ताई, हे सगळीकडे असतं का? आणि पाण्याच्या रेल्वेच्या फिल्मचं पुढे काहीच होऊ शकत नाही का?

मिरज जंक्शन

स्कूलकडे हक्क राहणं बऱ्याच ठिकाणी असतं, त्यात फसवणूक नाही. कॅमेरा, स्टुडिओ, पैसा त्यांचा लागतो. महोत्सवाला कुणी पाठवायचं, दहा वर्षांनी तुला दाखवायची झाली तर परवानगी लागेल का, कच्च्या फुटेजची प्रत मिळेल का, एवढं मेल करून विचार. अजून वेळ आहे. काहीही ठरवलंस तरी हे उत्तर तुझ्याकडे लेखी असू दे.

रेल्वेच्या फिल्मचं : त्या भागीदारांपैकी एकाशी गेल्या दिवाळीपासून परत बोलणं सुरू झालंय. हक्क माझ्या एलएलपीकडे हस्तांतरित करायचा मसुदा वकिलांनी करून दिलाय. एकाची सही झालीय, दुसरे दुबईला असतात. हार्ड डिस्क चालते का, हे अजून कुणी लावून बघितलेलं नाही. त्या वेळच्या डिस्क दहा वर्षं पडून राहिल्या तर उघडतीलच असं नसतं, त्याची मला रोज धास्ती वाटते.

आवाज मात्र आहे. तेव्हा रेकॉर्डर माझा होता आणि कार्डं पुसायची मी विसरले होते. फिल्मचे हक्क माझ्याकडे नाहीत म्हणून कुठे लावता येत नाहीत, पण ऐकता येतात. रविवारी मिरजेला ये, पप्पांनाही घेऊन ये. इचलकरंजीहून एसटी आहेच. ऑफर लेटर आण, अकरावं पान सोबत बसून वाचू. आणि येताना तुझ्या फोनवर मागांचा आवाज घेऊन ये, बारा चालू असतानाचा, आणि मग एकेक बंद करत गेल्यावरचा.